निळी राहिलेली पट्टी

अहवाल दुपारच्या आत जाईल असं मनिषाला सकाळी अकरापर्यंत वाटत होतं. अकराला तिनं लॅपटॉपवर ट्रॉलीच्या दांडीचं चित्र उघडलं, आणि दांडी मागच्या आडव्या चॅनलला जिथं मिळते तिथं दोन्ही बाजूंना काळे डाग दिसले. काल संध्याकाळी ते नव्हते. किंवा होते आणि तिनं पाहिले नव्हते. यांतलं खरं कोणतं ते ठरवता येईना.

माजलगावातून धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर राधाकिशन अण्णांचं शेड आहे. तिथं उसाच्या ट्रॉल्या बनतात. शेडच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली, खोलीत टेबल, लॅपटॉप आणि मनिषा. बाहेर चार नव्या ट्रॉल्या रंगवून उभ्या होत्या. त्यांतल्या दोन तिच्या भावाच्या, सोमेश्वरच्या ऊसतोड टोळीच्या. उद्या सकाळी सातला ट्रॅक्टर येणार, एकीमागं एक अशा दोन्ही ट्रॉल्या जोडणार, नेकनूरजवळच्या वस्तीवर जाऊन बारा जोडप्यांचे संसार चढवणार आणि दिवस मावळायच्या आत सौताड्याचा घाट उतरून जामखेडच्या वाटेला लागणार. सामानावर बाया बसणार, लेकरं बसणार, शेळ्या बसणार. मनिषाची आई चंद्रभागाबाई पुढच्या ट्रॉलीत बसणार. दर साली ती तिथंच बसते.

दांडी म्हणजे ट्रॉलीच्या पुढचा लोखंडी त्रिकोण. त्याचं टोक ट्रॅक्टरला अडकतं, मागची बाजू चॅनलला, म्हणजे ट्रॉलीच्या आडव्या लोखंडी तुळईला जोडलेली असते. दोन ट्रॉल्या असल्या की दोन्हींची सगळी ओढ पुढच्या ट्रॉलीच्या दांडीवर येते. गेल्या साली कुठल्याशा ट्रॉलीची दांडी उतारावर तुटली होती. म्हणून टोळी ज्या साखर कारखान्याला जाणार होती त्यानं यंदा कागद मागितला. दांडी तपासली, भार सोसते, आणि खाली इंजिनिअरची सही. सही मनिषानं करायची होती. कागद पाचपर्यंत पोचला तर गाड्यांना कारखान्याच्या यादीत नंबर मिळणार होता.

मनिषा अठ्ठावीस वर्षांची. सहा महिने वस्तीवरची शाळा आणि सहा महिने उसाच्या फडावरची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, असं तिचं लहानपण गेलं. नऊ वर्षांची असताना ती उसाच्या शेंड्यांच्या, वाढ्यांच्या पेंढ्या बांधायची आणि तिची पेंढी सुटत नसे. बीडला डिप्लोमा केला. मग पुण्यात एका ऑफिसात चार वर्षं एकच काम केलं, जाळी बांधायचं.

हे जाळीचं काम असं. लोखंडी वस्तूचं चित्र घ्यायचं आणि त्याचे हजारो बारीक तुकडे करायचे, तिकोनी, चौकोनी. प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्याला टोकाला टोक लावून जोडायचा. मग चित्राला एकीकडून ओढ लावायची. ओढ तुकड्यातुकड्यातून कशी जाते ते सॉफ्टवेअर मोजतं आणि रंगात दाखवतं. ताण जास्त तिथं लाल, कमी तिथं निळा. जाळी चुकली तर उत्तर खोटं येतं, आणि खोटं उत्तरसुद्धा तितकंच रंगीत आणि सुबक दिसतं. चार वर्षांत मनिषा एवढं पक्कं शिकली होती. ऑफिसातली माणसं कमी झाली तेव्हा ती परत आली. राधाकिशन अण्णांना कागदासाठी माणूस हवं होतं. तिला येऊन तीन महिने झाले होते.

या शेडमधलं हे तिचं पहिलं पूर्ण काम. जाळी काल बांधून झाली होती. आज फक्त ओढ लावायची होती.

तिनं पुण्याला रामला फोन लावला. राम उमापूरचा. ऑफिसात तिच्या वरचा होता, अजून तिथंच होता.

“राम सर, जाळी दिसंना. दोन जागी काळं दिसतंय.”

“दिसंना का नाहीच? आधी ते सांग.”

“तेच तर कळत नाही.”

“मग घाई करू नको. एकेक बघत ये. काही लपवून ठेवलंय का?”

तिनं लपवलेले सगळे भाग दाखवायला लावले. डाग तसेच. चित्र पुसून परत काढायला लावलं. तसेच. जाळीच्या रेघा बंद करून चालू केल्या. आता डागांवर रेघा आल्या, पण चित्र जरा फिरवलं की त्या थरथरायच्या, एका अंगानं दिसायच्या, दुसऱ्या अंगानं जायच्या.

“थरथरतंय म्हणतेस ना, मग लॅपटॉपकडं बघ,” राम म्हणाला. “काल रात्रीतून त्यानं आपल्या मनानं काही नवं बसवून घेतलंय का?”

घेतलं होतं. पडदा रंगवणारा त्याचा भाग रात्रीतून बदलला होता. मनिषानं तारीख वाचून दाखवली.

“तुझं ते यंत्र माझ्या सासऱ्याच्या फटफटीइतकं जुनं हाय,” राम म्हणाला. “त्याला नवं पचत न्हाई. जुनंच परत बसव. मी जेवून येतो.”

जुनं परत बसवायला पाऊण तास गेला. त्यातच वीज गेली. लॅपटॉपच्या बॅटरीत एकवीस टक्के उरले होते. मनिषा त्या आकड्याकडं पाहत बसली. वीस झाले, एकोणीस झाले. मोबाइलवर सोमेश्वरचा फोन येऊन गेला, तिनं उचलला नाही. वीज आली तेव्हा नऊ टक्के होते.

राधाकिशन अण्णा दारातून डोकावले. “झालं का गं?”

“होतंय, अण्णा.”

“होतंय का झालं?”

“चित्र नीट दिसत नाही. ते नीट केलं की होईल.”

“चित्रच ना?” अण्णा म्हणाले. “ट्रॉली तर नीट दिसतीय मला हितून.” आणि गेले.

मनिषानं बाहेर पाहिलं. ट्रॉली खरंच नीट दिसत होती. लाल रंग, पिवळ्या पट्ट्या, मागं टोळीचं नाव. दांडीला कुणी तरी आधीच कुंकू लावून ठेवलं होतं.

लॅपटॉप बंद करून उघडला. थरथर थांबली होती. डाग मात्र होते, आता स्थिर आणि गडद. दांडीला खालून बळकटी द्यायला ज्या दोन तिकोनी पट्ट्या लावतात, बरोबर त्या पट्ट्या काळ्या होत्या. तिनं परत फोन लावला.

“आता सोपं झालं,” राम तोंडातला घास गिळत म्हणाला. “पट्टीचे तुकडे पालथे पडलेत. प्रत्येक तुकड्याला वरची बाजू आन् खालची बाजू असती, हे तुला मी सांगायचं का? तुझे पालथे पडलेत, म्हणून काळे. उलटव.”

तिनं उलटवले. डाग गेले. पट्ट्या बाकीच्या दांडीसारख्या करड्या झाल्या, वर बारीक रेघांची जाळी, एकसारखी.

“गेले का?”

“गेले.”

“मग डाग चित्राचाच होता. लाव ओढ.”

मनिषानं ओढ लावली. सॉफ्टवेअरनं वीस मिनिटं घेतली. वीस मिनिटं ती उठून दारापर्यंत जायची आणि परत येऊन बसायची. टेबलावरच्या चहावर साय धरली होती.

उत्तर आलं. या लोखंडाला चालेल अशी ताणाची मर्यादा दोनशे चाळीस. दांडीत सगळ्यांत जास्त आलं ते दोनशे चौदा. आडव्या चॅनलच्या सांध्यावर दोन्हीकडं एकेक लाल ठिपका. तिनं चित्र रामला पाठवलं.

“मर्यादेच्या आत हाय की,” राम म्हणाला. “लाल ठिपका कोपऱ्याचा हाय, कोपऱ्यात नेहमीच जास्त दिसतं. सही कर आन् मोकळी हो. मला मीटिंगला जायचंय.”

पावणेतीन झाले होते. मनिषानं अहवाल उघडला. नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, तारीख लिहिली. चित्र चिकटवलं. सहीचा कागद पुढं ओढला आणि चिकटवलेल्या चित्राकडं एकदा पाहिलं. शेवटचं पाहायचं म्हणून पाहिलं.

दोन्ही तिकोनी पट्ट्या निळ्या होत्या. गडद निळ्या.

दांडी पिवळी होती, चॅनल हिरवट, सांधा लाल. आणि त्या सांध्याला मदत करायला ज्या पट्ट्या घातल्या, त्यांच्यात काहीच नव्हतं. ओढ त्यांच्यापर्यंत जातच नव्हती. दहा माणसं ओझं उचलतात आणि दोघं नुसता हात लावून चालतात, तसं. फडात अशी माणसं तिनं पाहिली होती. ती लांबून ओळखू यायची.

तिच्या हातातला पेन तिनं खाली ठेवला.

मर्यादा ओलांडली नव्हती. पाचला सव्वादोन तास होते. भाऊ उद्या निघणार होता. आणि कुणी विचारलं असतं तर दाखवायला आकडा होता. तिनं हे सगळं स्वतःला एकदा सांगितलं. मग सॉफ्टवेअरमधलं एक बटण दाबलं. ज्या कडेला शेजारी कुणी जोडलेलं नाही अशी कड त्या बटणानं तांबडी दिसते. मोकळी कड म्हणतात तिला. हे बटण काल दाबायला हवं होतं. पुण्यात असती तर दाबल्याशिवाय उठली नसती. काल पाचची बस होती म्हणून उठली.

पट्टीची मागची कड तांबडी झाली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, दोन्ही पट्ट्यांची.

तिनं चित्र फिरवून खालून पाहिलं. पट्टी चॅनलच्या खाली एक इंच आत जायला हवी होती, म्हणजे तिथं चिकटून भार घेता येतो. ती चॅनलच्या काठावरच संपत होती. वरून पाहिलं की काठाला काठ लागलेला दिसायचा आणि जोडल्यासारखं वाटायचं. दांडीच्या बाजूनं पट्टी जोडलेली होती म्हणून सॉफ्टवेअरनंही तक्रार केली नव्हती.

मनिषानं वही काढली. मापं तिच्याच अक्षरात होती. खालची पट्टी, लांबी अकरा इंच. अकराच्या आधी बारा लिहून खोडलेलं होतं.

ते खोडलेलं पाहिल्यावर तिला सगळं आठवलं.

शेडमध्ये ट्रॉलीचं ड्रॉइंग कधी नव्हतंच. तीस वर्षं धुळाजी वेल्डरच्या डोक्यातून ट्रॉल्या निघत होत्या. तीन महिन्यांपूर्वी ती वही घेऊन आली आणि धुळाजीनं एक जुनी ट्रॉली तिला मापून दाखवली. त्याच्या टेपचं टोक कधीचंच तुटलेलं. म्हणून तो शून्यावरून न धरता एकावरून धरायचा. बाकीची मापं तो लांबून ओरडून सांगत होता आणि ती लिहीत होती. या एका पट्टीच्या वेळी मात्र ती त्याच्याबरोबर ट्रॉलीखाली पडली होती, उजेड धरून. तो म्हणाला, बारा. तिनं पाहिलं की त्यानं एकावरून धरलंय. तिनं एक वजा केला आणि अकरा लिहिले. विचारलं नाही.

त्याच वहीतून कापणाऱ्याला यादी गेली होती. त्याच वहीतून हे चित्र आलं होतं. म्हणजे बाहेरच्या चार ट्रॉल्यांच्या आठ पट्ट्या.

पण मग लोखंडात ते दिसायला हवं होतं. पट्टी एक इंच तोकडी असती तर धुळाजी बोलला असता. मनिषा उठून बाहेर गेली.

धुळाजी चौथ्या ट्रॉलीच्या चाकाशी बसून तंबाखू मळत होता. साठीचा माणूस, दोन्ही पंजांवर ठिणग्यांच्या जुन्या खुणा.

“मामा, खालची तिकोनी पट्टी चॅनलच्या आत किती गेलीय?”

“गेलीय की.”

“किती?”

“जायला पायजे तेवढी.”

मनिषा भावाच्या ट्रॉलीखाली शिरली, पाठीवर पडली. मोबाइलचा उजेड लावला. पट्टी आणि चॅनल जिथं मिळत होते तिथं वेल्डिंगची लगड बोटाएवढी जाड होती. वर रंगाचे दोन हात. बाकी सगळीकडं धुळाजीचं वेल्डिंग बारीक आणि सरळ असतं, शिवणीसारखं. इथं ते फुगलं होतं.

“एवढं जाड कावून मारलं, मामा?”

“मजबुतीला.”

“ग्राइंडर आणा.”

“रंग जाईल, ताई. काल दुसरा हात दिलाय.”

“जाऊ द्या.”

धुळाजी उठला नाही. तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले. मनिषा ट्रॉलीखालून तशीच त्याच्या पायांकडं पाहत राहिली. मग ते पाय हलले.

तो ग्राइंडर घेऊन तिच्या शेजारी आडवा झाला. “डोळे झाका,” म्हणाला. ठिणग्या उडाल्या, रंग जळल्याचा वास आला. तीन बोटं लांबी घासल्यावर त्यानं ग्राइंडर थांबवला आणि हातानं भुसा पुसला. लगडीच्या पोटात एक गोल चकाकत होता. सळईचं टोक.

“दहा एमएमची हाय,” धुळाजी म्हणाला. “पट्ट्या कापून आल्या तवा इंचानं तोकड्या निघाल्या. आठीच्या आठी. मग फटीत सळई बसवली आन् वरून भरून काढलं. एकेका पट्टीला पाऊण तास गेला मला.”

“मला सांगायचं होतं, मामा.”

“सांगणार होतो. तुमी त्या दिशी अण्णाला तुमचं ड्रॉइंग दाखवीत होता. पहिलंच ड्रॉइंग. म्हटलं, आता हिच्या तोंडावर कुठं म्हणायचं की पोरीला टेप वाचता येईना.”

“तुम्ही एकावरून धरलं होतं. म्हणून मी एक वजा केला.”

“मी वजा करूनच बोलत असतो,” धुळाजी म्हणाला. “तीस वर्षं झाली. आख्ख्या शेडला म्हाईत हाय. तुमी इचारलं का मला?”

“नाही.”

“मग.”

मनिषानं त्याला चित्रात काय दिसलं ते सांगितलं. पट्टी निळी राहिली, कड मोकळी निघाली.

“म्हंजी वाकळंला ठिगळ ठिवलं, पर टाके एकाच अंगानं घातले,” धुळाजी म्हणाला.

“हो.”

“हितं तर सळईचे टाके हायेत. सरळ चालली तर चालंल बी. घाटात न्हाई सांगता यायचं.” त्यानं अंगठ्यानं ती सळई दाबून पाहिली, जशी काय ती हलणारच होती. “माझ्या मनाला बी लागलं होतं ते. दोन रोज झाले.”

“रंग कावून काढला बे?” अण्णांचे बूट ट्रॉलीशी येऊन थांबले होते.

धुळाजीनं मनिषाकडं पाहिलं. वेल्डिंग तपासत होतो, एवढं म्हणायला जागा होती. अण्णांनी ते मानलं असतं. मनिषा बाहेर सरकली आणि उभी राहिली. पाठीला माती लागलेली.

“अण्णा, खालच्या पट्ट्या एक इंच तोकड्या आहेत. चारही ट्रॉल्यांच्या. माप माझं चुकलं.”

“आन् झाकलं मी,” ट्रॉलीखालून धुळाजी म्हणाला.

अण्णांनी टोपी काढली, परत घातली. “कागदात काय आलंय?”

“मर्यादेच्या आत आलंय.”

“मग?”

“ते सरळ ओढीचं आहे. पट्ट्या काहीच काम करत नाहीत, सगळी ओढ एकट्या सांध्यावर आहे. उतारावर मागची ट्रॉली ढकलते, झटके बसतात. तिथं ते आत राहील असं मी म्हणू शकत नाही.”

“शकत न्हाई का म्हणायचं न्हाई?”

मनिषानं पाठीची माती झटकली.

“सही करणार नाही मी, अण्णा. पट्ट्या बदलल्यावर करीन.”

“चार ट्रॉल्या,” अण्णा म्हणाले. “कापायच्या, उपटायच्या, नव्या बसवायच्या, परत रंग. दोन दिवस धर.” ते धुळाजीच्या पायांशी बोलत असल्यासारखे बोलत होते. “दुसऱ्या टोळीला मी सांगतो. तुझ्या भावाला तू सांग. मी न्हाई त्याच्या शिव्या खाणार.” दोन पावलं जाऊन ते वळले. “आन् चित्रात गडबड तुला कवा दिसली?”

“अकराला.”

“मग मला अकराला सांगायचं. तीनला न्हाई.”

सोमेश्वरनं पहिल्या घंटीला फोन उचलला. मागं भांडी आदळल्याचा आवाज येत होता.

“मने, सकाळपून लावतोय. नंबर मिळाला का?”

“दादा, ट्रॉल्या उद्या मिळणार नाहीत. परवा दुपारी.”

“काय बोलती तू?”

तिनं सांगितलं. माप तिचं चुकल्याचंही सांगितलं. त्याचा आवाज खाली आला होता, आणि तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“आमी चुली मोडल्यात. दाराला कुलपं घातलीत. पीठ बांधलंय, गाठोडी अंगणात हायेत. बारा घरं दोन दिवस काय खातील, तुझी जाळी? बाकीच्या टोळ्या काल गेल्या. पयला फड ते घेतील, आमाला राहिलेलं मिळंल.”

“कळतंय मला.”

“काय कळतंय? तू आता फडात येत न्हाईस.”

मनिषानं फोन दुसऱ्या कानाला लावला. “दादा, आई पुढच्या ट्रॉलीत बसती.”

मागं भांड्यांचा आवाज थांबला. मग तो म्हणाला, “परवा म्हंजी परवा,” आणि फोन ठेवला.

पुढचे दोन दिवस काम झालं. धुळाजीनं गॅसनं आठही सांधे कापले, तोकड्या पट्ट्या काढून एका ढिगाला टाकल्या. नव्या पट्ट्या बारा इंचांच्या आल्या. बसवायच्या आधी मनिषा प्रत्येक ट्रॉलीखाली गेली. धुळाजी माप बोलायचा, ती तेच परत बोलायची, तो “हां” म्हणायचा, मग ती लिहायची. शेडमधल्या दोघाचौघांनी हसून घेतलं. एकजण म्हणाला, शाळेत पाढे चाललेत. धुळाजी त्याला म्हणाला, “तू ये, तुझा बी पाढा घेतो.” त्यानं पट्टी चॅनलखाली एक इंच सारली, दोन्ही अंगांनी वेल्डिंग मारलं, बारीक, सरळ. एका पट्टीला सव्वा तास. कुणी घाई केली नाही, कारण अण्णा तिथं खुर्ची टाकून बसले होते.

मधल्या वेळात मनिषानं चित्र दुरुस्त केलं. पट्टी नुसती ओढून लांब करता आली असती. तिनं तसं केलं नाही. त्या भागाची जाळी सगळी पुसली आणि नव्यानं बांधली, साडेअकराशे तुकडे. तुकडे पालथे आहेत का पाहिलं. मोकळ्या कडा पाहिल्या, वरून, खालून, आतून. तांबडी रेघ फक्त दांडीच्या बाहेरच्या काठाला राहिली, जिथं ती असायलाच हवी. ओढ लावली. ठिपक्याचा आकडा एकशे एकतीसवर आला. पट्ट्या हिरव्या झाल्या, मधोमध जराशा पिवळ्या. तिनं सही केली, कागद पाठवला, आणि तरी दर अर्ध्या तासानं उठून चित्र परत उघडून पाहत राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ट्रॅक्टर ट्रॉल्या घेऊन गेला. सोमेश्वर न्यायला आला होता. तिच्याशी कामापुरतं बोलला. दांडीखाली वाकून पाहिलं, उठला, म्हणाला, “रंग नीट दिला न्हाई हितं.”

“वाळायला वेळ नव्हता. दादा, घाट उतरल्यावर एकदा थांब. खाली वाकून सांधा बघ.”

“आन् तुटला असला तर?”

ती बाजूला सरली. तो ट्रॅक्टरवर चढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते वस्तीवरून निघाले. मनिषा टेबलाशी होती. समोर दुसऱ्या एका कामाची जाळी उघडी होती आणि तिच्यात तिचं लक्ष नव्हतं. नेकनूर सुटलं असेल, पाटोदा आलं असेल, असा ती हिशेब धरत होती. चार वाजले. सव्वाचार झाले. धुळाजी पाणी प्यायच्या निमित्तानं दारात दोनदा येऊन गेला.

चार पस्तीसला फोन वाजला. मागं ट्रॅक्टरचं इंजिन धडधडत होतं, कुणाचं तरी लेकरू रडत होतं.

“उतरलो,” सोमेश्वर म्हणाला. “खाली वाकून बघितलं. रंगाचा पोपडा बी निघाला न्हाई.”

“दोन्हीकडून बघितलं?”

“डावीकडून.”

“उजवीकडून बघ.”

“आई म्हणती, पोरगी येडी झाली.”

“म्हणू दे. बघ.”

तो काही तरी पुटपुटला. ट्रॉलीभोवती जाताना त्याच्या पायांखाली खडी वाजत होती. मनिषानं फोन कानाशी घट्ट धरला. धुळाजी आता दारातून आत आला होता आणि टेबलाला टेकून उभा होता.

“उजवा बी हाय तसाच,” सोमेश्वर म्हणाला. “आता मागच्या ट्रॉलीचं सांगू नको.”

“मागच्या ट्रॉलीचंही बघ, दादा.”

इंजिन धडधडत राहिलं. तो हसला का रागावला ते तिला कळलं नाही. मग खडी परत वाजायला लागली, मागच्या ट्रॉलीच्या दिशेनं, आणि मनिषा फोन धरून थांबली.